वेंगुर्ल्याला निघण्यापूर्वी

गेल्या सोमवारी सायंकाळी दवाखाना आवरायच्या वेळी आमच्या तासगावातले एक निवृत्त शिक्षक सपत्नीक आले. गुरुजींचे वय अडुसष्ट, मधुमेह आणि रक्तदाब बारा वर्षांपासून सोबतीला. काकूंचे गुडघे दुखरे. त्या दिवशी मात्र दोघांचीही काही तक्रार नव्हती. पुण्याचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे धरून सहा जण दिवाळीनंतर वेंगुर्ल्याला निघाले आहेत. समुद्राजवळ एक घर पाच दिवसांसाठी ठरले आहे आणि येताना दोन दिवस आंबोलीला मुक्काम आहे. "डॉक्टरसाहेब, प्रवासासाठी एक पुडी बांधून द्या. ताप, उलटी, जुलाब, सगळ्याच्या गोळ्या घाला म्हणजे झाले," गुरुजी म्हणाले.

पुडी मी दिली. परंतु अशा सहलीत पुडीने भागते ते थोडे आणि न भागणारे जास्त, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. गुरुजींना जे अर्धा तास बसवून सांगितले तेच आज वाचकांसाठी लिहीत आहे. सुट्ट्या लागल्या की सातारा-सांगलीकडच्या निम्म्या गाड्या घाट उतरून कोकणात जातात, तेव्हा ते अनेकांच्या उपयोगी पडावे.

कोकण आपल्याला परके वाटत नाही. भाषा आपली, माणसे आपली, पाच-सहा तासांत पोहोचता येते. म्हणून आपण काश्मीरला जाताना जेवढा विचार करतो त्याच्या चौथा हिस्साही वेंगुर्ल्याला जाताना करत नाही. पण शरीराच्या दृष्टीने पाहिले तर हा मुलूख फार वेगळा आहे. आपल्याकडे माण-खटाव, जत-आटपाडी या भागांत वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आंबोलीला तो सात हजारांवर जातो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच. तिथून घाट उतरला की तीस किलोमीटरवर सावंतवाडी आणि पुढे तासाभरात वेंगुर्ल्याचा किनारा. म्हणजे सदाहरित जंगल आणि समुद्र या दोन्ही गोष्टी एकाच दिवसात पायाखाली येतात. अशा दमट, दाट झाडीच्या मुलखाचे काही आजार आपल्या कोरड्या पठारावर एरवी सहसा भेटत नाहीत. ते रुग्णाच्या ध्यानीमनी नसतात आणि, कबूल करायला हवे, पुष्कळदा डॉक्टरच्याही नसतात.

पहिला प्रश्न कधी जायचे हा. पावसाळ्यात आंबोलीचे धबधबे पाहायला गर्दी लोटते. पण म्हातारी माणसे आणि लहान मुले घेऊन जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. रस्ते निसरडे, दरडींची भीती, समुद्र खवळलेला. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत त्या किनाऱ्यावर प्रवासी होड्या आणि पाण्यातले खेळ बंदच असतात. एप्रिल-मे महिन्यांत आंबा-काजूचा मोह असतो, पण उकाडा वृद्धांना सोसवत नाही. आमच्याकडच्या द्राक्षबागायतदारांना मात्र खरड छाटणी उरकल्यावरच सवड मिळते, त्यांचा नाइलाज आहे. गुरुजींनी निवडलेला काळ, म्हणजे दिवाळीनंतरचे दिवस ते जानेवारी, सर्वांत चांगला.

आता औषधांचे. नवीन औषधांच्या पुडीपेक्षा रोजची औषधे महत्त्वाची, आणि विसरली जातात तीच. सात दिवसांची सहल असेल तर दहा दिवसांच्या गोळ्या घ्याव्यात, त्या दोन पिशव्यांत विभागून ठेवाव्यात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. "पांढरी छोटी गोळी, सकाळची" एवढ्या वर्णनावरून वेंगुर्ल्याचा औषध दुकानदार काय देणार? इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते गाडीच्या डिकीत किंवा पुढच्या काचेखाली ठेवू नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते काही तासांत निकामी होते आणि बाटलीकडे पाहून ते कळतही नाही. बर्फालाही चिकटू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे लागते. पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्याशेजारी इन्सुलिनची पिशवी ठेवली तर दिवसभराचा प्रवास निभावतो.

एक गोष्ट फारच थोड्या रुग्णांना सांगितलेली असते. प्रवासात उलट्या-जुलाब सुरू झाले आणि पाणी पोटात ठरेना, तर मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी, तसेच लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या आणि रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी, या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात. शरीरातले पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडाला आणि रक्तातल्या आम्लतेला जड जातात. त्यांपैकी आपली गोळी कोणती, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि वेळ आली की त्यांना फोन करावा. इन्सुलिन मात्र मनाने पूर्ण बंद करू नये. गुरुजींच्या तीन गोळ्यांपैकी दोनवर मी लाल शाईने खूण करून दिली.

काकूंनी गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळी मागितली, ती मी दिली नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या सहलीच्या पुडीत मी कधीच घालत नाही. कारण ताप आला की माणसे त्याच घेतात, आणि तो ताप डेंग्यूचा किंवा लेप्टोचा असेल तर त्या गोळ्यांनी रक्तस्राव किंवा मूत्रपिंडाचा बिघाड वाढू शकतो. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. गुडघ्यासाठी मलम, काठी आणि किल्ल्याच्या पायऱ्या न चढण्याचा निर्धार.

घाटात गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी. आजऱ्याच्या पुढे वळणे सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. या गोळ्यांनी झोप येते म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. लघवी अडून मध्यरात्री सावंतवाडीचा दवाखाना शोधण्याची वेळ येते. उपाशीपोटी किंवा निपाणीत मिसळ चापून घाटाला लागू नये.

कोकणातला उकाडा आपल्या उन्हाळ्यापेक्षा निराळा. आपल्याकडे ४० अंशांतही सावलीत बरे वाटते, कारण घाम वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. वेंगुर्ल्याला पारा बत्तीस-तेहतीसवर असला तरी हवेत इतका ओलावा असतो की घाम वाळतच नाही, नुसता गळतो. पाणी आणि मीठ जाते, गारवा मात्र मिळत नाही. अशा हवेची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि आपली सहल तर पाच दिवसांची! म्हणून पहिले दोन दिवस दुपारी अकरा ते चार घरातच थांबावे. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शहाळे सर्वांना चांगले, पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते जपून घ्यावे. त्यात पोटॅशियम बरेच असते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते रक्तात वाढते.

खाण्यापिण्याबद्दल फार लिहीत नाही. पाणी उकळलेले किंवा बंद बाटलीतले, मासळी ताजी आणि पूर्ण शिजलेली, एवढे पुरे. बांगडा नीट बर्फात ठेवलेला नसेल तर त्यात एक रसायन तयार होते, ते शिजवूनही जात नाही; खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लालबुंद होते, डोके ठणकते, अंगावर गांध्या उठतात. आयुष्यात कधी कोळंबी, खेकडा, तिसऱ्या खाल्ल्या नसतील तर पहिला प्रयोग रात्री अकराला आडगावात करू नये, दुपारच्या जेवणात आणि थोडा करावा. आणखी एक, मुलांसाठी. वेंगुर्ले काजूचे गाव आहे. तिथल्या फळ संशोधन केंद्राच्या 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या जाती लांबवर लावल्या जातात. हंगामात मुले झाडाखालची कच्ची बी दाताने फोडायला जातात. तिच्या टरफलातले तेल बिब्ब्याच्या जातकुळीतले. बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना ओठांचे काय होते ते सांगायला नको.

समुद्राबद्दल मला थोडे कठोर बोलावे लागते. आपल्या भागातली माणसे विहिरीत आणि कृष्णेत पोहायला शिकलेली. तो आत्मविश्वासच समुद्रात घात करतो. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी परत जाताना काही ठिकाणी अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढले जाते. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते, कारण तिथे लाटा कमी फुटतात. या ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि दमून बुडतो. पट्टीचा पोहणाराही त्या ओढीला उलटा पुरा पडत नाही. अशा वेळी किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत तो पट्टा ओलांडावा. जमत नसेल तर पाठीवर तरंगत राहून हात वर करावा. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या एका महाविद्यालयातील आठ जण बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला. दोन्ही वेळा सुट्टीवर आलेली, आपल्यासारखीच माणसे होती. पाण्यात कुठे उतरायचे हे गावातल्या मच्छीमाराला विचारावे आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नये. होडीत बसताना मुलाच्या मापाचे जॅकेट नसेल तर होडी सोडून द्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये. उथळ पाण्यात पाय घासत चालावे, म्हणजे वाळूत दडलेले पाकट दूर जाते; त्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-एक तास बुडवावा. वेदना उतरतात. तरीही जखम डॉक्टरला दाखवावी, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

किनाऱ्यावरून आता घराकडे आणि जंगलाकडे वळू. कोकणातली घरे चिऱ्याची, कुंपणे जांभ्या दगडाच्या गडग्यांची. या दगडांच्या फटीत फुरसे राहते. आकाराने लहान, म्हणून लोक त्याला किरकोळ समजतात. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. दंशाच्या जागी थोडी सूज, वेदना आणि रुग्ण बोलतो-चालतो आहे, म्हणून सकाळपर्यंत थांबले जाते. सकाळी हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. इस्पितळात काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे तसेच ठेवतात. ते गोठले नाही तर विष भिनले आहे हे कळते आणि प्रतिविषाचे इंजेक्शन सुरू होते. इतकी साधी तपासणी, पण ती वेळेवर व्हायला माणूस तिथे पोहोचला पाहिजे. जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. पाय फळीला बांधून हलू न देता सरकारी रुग्णालय गाठावे. आंबोलीच्या झाडीत चापडाही आहे. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनवलेले असल्याने चापड्यावर ते चालत नाही. सुदैवाने त्याचा दंश बहुधा प्राणघातक नसतो. मात्र साप कोणता हे ओळखण्याच्या किंवा मारून आणण्याच्या भानगडीत पडून वेळ घालवू नये.

विंचवाचे नाव काढले की महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कितीतरी मुले दगावत. विषाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी होई. बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यावर वापरून दाखवली आणि चित्र बदलले. खेड्यात राहून केलेले त्यांचे संशोधन 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात छापले गेले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आम्हा खेड्यातल्या डॉक्टरांना या माणसाचा फार अभिमान वाटतो. प्रवाशाने लक्षात ठेवायचे ते एवढेच, की विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम, उलटी आणि हातपाय गार पडणे यांपैकी काही दिसले तर मंत्र-तंत्र, कांदा-लसूण यांत एक मिनिटही घालवू नये. रात्री बाहेर पडताना पायात चप्पल आणि हातात बॅटरी. चप्पल, बूट झटकल्याशिवाय पाय घालू नये. हे नियम आपल्या शेतातलेच आहेत, सहलीला गेल्यावर आपण ते विसरतो इतकेच.

जंगलात जळवा लागतात, त्यांना घाबरू नये. मीठ टाकले की सुटतात, थोडे रक्त वाहते आणि थांबते. खरे लक्ष गोचिडांकडे द्यावे. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला आणि एका नव्या विषाणूचा शोध लागला. लोक त्याला माकडताप म्हणतात. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी भागात दिसला, २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आणि नंतर बांदा परिसरात. जंगलातल्या बारीक गोचिडांच्या चावण्याने तो होतो. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. एकाएकी चढणारा ताप, कपाळात असह्य दुखणे, अंग मोडून येणे. काहींना रक्तस्राव, तर काहींना बरे वाटल्यावर पुन्हा ताप आणि मेंदूवर परिणाम. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. त्यावर नेमके औषध नाही आणि प्रवाशाने घेण्यासारखी लसही नाही. एका माणसाकडून दुसऱ्याला मात्र तो होत नाही.

हे वाचून कोणी आपला बेत रद्द करू नये. हा आजार मुख्यतः काजू गोळा करणाऱ्या, लाकूडफाट्यासाठी रोज रानात जाणाऱ्या माणसांना होतो. दोन दिवस आंबोलीला जाऊन बेडूक आणि धुके पाहून येणाऱ्याला धोका फार थोडा. तिलारी, दोडामार्गच्या जंगलात पायी हिंडणाऱ्यांनी मात्र फिक्या रंगाची पूर्ण विजार मोज्यात खोचावी, उघड्या अंगाला कीटक पळवणारे मलम लावावे, पालापाचोळ्यावर बसू नये आणि मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला कळवावे. परत आल्यावर अंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे, केसांत नीट पाहावे. गोचीड आढळली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल ओतू नये, उदबत्तीने भाजू नये, नखाने चिरडू नये. याच पाहणीत कधी विडीचा चटका बसल्यासारखा काळा खपला सापडतो. तो स्क्रब टायफस या दुसऱ्या एका कीटकजन्य तापाची खूण असतो. आपण स्वतःहून तो दाखवला नाही तर कपड्यांखालचा खपला डॉक्टरला दिसत नाही.

आता जे लिहिणार आहे ते माझ्या दवाखान्यातले आहे. काही वर्षांपूर्वी जवळच्या गावातले एक बागायतदार, वय बेचाळीस, ताप आणि अंगदुखी घेऊन आले. "परवा बागेत फवारणी केली होती डॉक्टर, त्याचंच असेल," असे तेच म्हणाले. घसा थोडा लाल होता. साथीचा ताप समजून मी पॅरासिटामॉल दिले आणि तीन दिवसांनी या म्हणालो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी त्यांना रिक्षातून घेऊन आल्या. डोळे लाल, पण चिपडे नाहीत. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हात लावू देईनात. आदल्या रात्रीपासून लघवी जवळजवळ नाही. तेव्हा मी विचारले, "गेल्या महिन्यात कुठे बाहेरगावी गेला होता का?"

चार मित्रांची कुटुंबे मिळून बारा-तेरा दिवसांपूर्वी आंबोली आणि वेंगुर्ल्याला जाऊन आली होती. मुक्कामाच्या घरामागे भातलावणी चालली होती. शेतकरीच ते, त्यांना राहवेना. अनवाणी चिखलात उतरून त्यांनी तासभर लावणी केली, फोटो काढले. टाचेला भेग होतीच. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून लेप्टोस्पायराचे जंतू अशा पाण्या-चिखलात येतात आणि भेगेतून, ओरखड्यातून शरीरात शिरतात. ताप यायला बहुधा पाच ते चौदा दिवस लागतात, कधी महिनाही. म्हणजे माणूस घरी येऊन कामाला लागलेला असतो आणि सहल त्याच्या डोक्यातून गेलेली असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर लेप्टो हे नाव आम्हा सांगलीकडच्या डॉक्टरांना नवे राहिलेले नाही. पण पूर नव्हता, आणि माझ्या डोक्यात फवारणी बसली होती.

मी त्यांना तातडीने सांगलीला पाठवले. चार वेळा डायलिसिस करावे लागले, तेरा दिवस ते तिथे होते, कर्ज काढावे लागले. वाचले. वेळेवर दिले तर साध्या डॉक्सीसायक्लिनच्या किंवा पेनिसिलिनच्या औषधाने हा रोग पुष्कळदा हटतो. पहिल्याच दिवशी तो प्रश्न विचारायला मला अर्धे मिनिट लागले असते. ते आजही माझ्याकडेच येतात, कधी एका शब्दाने बोलले नाहीत, उलट द्राक्षांच्या दिवसांत पेटी आणून देतात. ती घेताना मला अवघड होते. तेव्हापासून तापाच्या प्रत्येक रुग्णाला नाव आणि वय विचारल्यावर मी तिसरा प्रश्न प्रवासाचा विचारतो. पण सगळ्यांनाच अशी धडपड करून शहाणपण आलेले असेल असे नाही, आणि दवाखान्यात गर्दी असते. म्हणून रुग्णानेच सांगावे. "पंधरा दिवसांपूर्वी कोकणात जाऊन आलो, चिखलात उतरलो होतो, जंगलात हिंडलो होतो," एवढे पुरे. डॉक्टरने विचारले नाही तरी सांगावे. डॉक्टर घाईत असला तर दोनदा सांगावे.

चिखल टाळता येत नसेल, म्हणजे भातलावणीची फारच हौस असेल, तर गमबूट घालावेत, भेगा-जखमांवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी आणि नंतर साबणाने पाय धुवावेत. ज्यांचा पाण्या-चिखलाशी बराच संबंध येणार आहे त्यांना डॉक्सीसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची मात्रा आठवड्यातून एकदा प्रतिबंधासाठी दिली जाते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच; गर्भवतींना आणि लहान मुलांना ती देत नाहीत, आणि घेताना भरपूर पाण्याबरोबर, जेवणानंतर, लगेच आडवे न होता घ्यावी. गुरुजींना ती मी दिली नाही. ते काही भात लावणार नाहीत.

शेवटी पत्ते. सिंधुदुर्गात सावंतवाडी आणि कणकवलीला उपजिल्हा रुग्णालये आहेत, ओरोसला जिल्हा रुग्णालय. तिकडचे अत्यवस्थ रुग्ण वर्षानुवर्षे गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेले जातात. वेंगुर्ल्याच्या माणसाला ते कोल्हापूरपेक्षा जवळ. रुग्णवाहिकेसाठी १०८. घाटात आणि जंगलात मोबाईलला रेंज नसते, म्हणून हे वहीत लिहून ठेवावे.

गुरुजींनी ते खिशातल्या डायरीत सुवाच्य अक्षरांत लिहून घेतले. मी आणखी एका कागदावर त्यांची परतण्याची तारीख आणि त्यापुढची एक महिन्याची तारीख लिहून दिली; या दोन तारखांच्या मध्ये घरात कोणालाही ताप आला तर नातवंडांनी पुण्याच्या डॉक्टरला आणि गुरुजींनी मला हा कागद दाखवायचा. काकूंनी तो पर्समध्ये ठेवला आणि विचारले, "आणि ओले काजूगर आणले तर चालतील ना हो?" हंगाम नाही, दिवाळीला मिळणार नाहीत, असे मी सांगितले. येत्या गुरुवारी पहाटे ते निघत आहेत.